मदत हवी आहे: परक्या संस्कृतीत काम करताना आतली ओढ कशी टिकवायची?

नमस्कार मंडळी. परदेशात सेवेच्या कामासाठी येऊन मला तिसरं वर्ष चालू आहे. कुणी ढकललं नव्हतं, आतून हाक आली म्हणून आले. पहिले काही महिने सगळंच नवलाईचं. मानववंशशास्त्रज्ञ ओबर्ग यांनी १९६० मध्ये सांस्कृतिक धक्क्याचे टप्पे मांडले, त्यातला पहिला ‘हनिमून’चा. तो मला तंतोतंत लागू पडला. पण पुढचे टप्पे एवढे लांबतात?

भाषा कामापुरती येते. विनोद मात्र अजून कळत नाहीत. सगळे हसले की मीही उगाच हसते. कंटाळा कामाचा नाही, या सततच्या परकेपणाचा आहे. ‘मी इथे का?’ याचं उत्तर पूर्वी तयार असायचं, आता शोधावं लागतं. मदर तेरेसांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रं वाचली. त्यांनाही कितीतरी वर्षं आतून अंधारच जाणवत होता, हे कळल्यावर धीर आला (आणि थोडी धास्तीही!).

ज्यांनी असं काम वर्षानुवर्षं केलंय त्यांनी सांगा, ही ओढ परत येते का? घरच्यांशी रोज बोलल्याने बळ मिळतं, की मन तिकडेच अडकून राहतं? आणि हा नुसता थकवा आहे की परत जायची वेळ झाली आहे, हे तुम्ही कसं ओळखलंत? ‘सकारात्मक राहा’ एवढं मात्र कृपया नको.