मदत हवी आहे: संदर्भसूची एपीएमध्ये बसवताना झालेला गोंधळ

धागाकर्ती:
नमस्कार मंडळी. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. संशोधन निबंध इंग्रजीत लिहिलाय, २२ पानं, संदर्भ एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पद्धतीने, शेवटच्या संदर्भयादीत ३४ नोंदी. पहिला खर्डा सरांकडून लाल शाईत न्हाऊन परत आला. मजकुरावर फारसं काही नाही, जे आहे ते सगळं संदर्भांवर. "एकसारखेपणा नाही", "एपीएची सातवी आवृत्ती पाळा", आणि तीन नोंदींपुढे नुसतंच "हे वाचलंय?". सहा दिवस हातात आहेत.

अडलंय ते असं. एका सीनियरचा जुना निबंध समोर ठेवून मी नोंदी केल्या. त्यात चार लेखक असले तर पहिल्या उल्लेखात चौघांची आडनावं आणि नंतर 'एट अल.' (म्हणजे 'आणि इतर') असं होतं. सरांनी ती सगळी आडनावं खोडलीत. का?

दुसरं, १९७४ सालच्या एका लेखातलं वाक्य मला २०११ सालच्या पुस्तकात सापडलं. मूळ लेख पाहिलेला नाही. यादीत कोणाला घ्यायचं?

तिसरं, एक अख्खा परिच्छेद एकाच पुस्तकावरून माझ्या शब्दांत लिहिलाय. संदर्भाचा कंस (लेखक, साल) शेवटी एकदाच टाकला तर चालतो की प्रत्येक वाक्याला हवा? प्रत्येक वाक्याला टाकून पाहिला, परिच्छेद खडी टाकलेल्या रस्त्यासारखा दिसायला लागला.

आणि यादीतल्या नोंदींची दुसरी ओळ आत सरकवायची असते ना, ती मी स्पेसबार दाबून सरकवली होती. काल फाँट बदलला आणि सगळ्या ओळींनी मिळेल तिथे मुक्काम ठोकला. हसू नका.

तळटीप (सदस्यनाव):
हसलो, कारण मीही तेच केलं होतं. स्पेस सगळ्या काढा, यादी सिलेक्ट करा आणि वर्डमध्ये कंट्रोल-टी दाबा. पहिली ओळ समासाला राहील, बाकीच्या अर्धा इंच आत जातील. मग फाँट कितीही वेळा बदला.

तुमच्या सीनियरचा निबंध सहाव्या आवृत्तीचा दिसतोय. तिच्यात तीन ते पाच लेखक असले तर पहिल्यांदा सगळे लिहायचे असा नियम होता. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये सातवी आली. तिच्यात तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिल्या उल्लेखापासूनच पहिलं आडनाव आणि 'एट अल.'. हे फक्त मजकुरातल्या कंसाचं झालं. यादीत मात्र २० लेखकांपर्यंत सगळी नावं द्यायची, तिथे कंजुषी नको. प्रकाशकाच्या आधी गावाचं नाव लिहिलं असेल तर तेही उडवा, सातवीत ते लागत नाही. जुन्या निबंधावरून नक्कल करताना हमखास हेच राहतं.

शाईचा डाग:
१९७४च्या लेखाबद्दल. यादीत २०११चं पुस्तक जाईल, कारण तुम्ही वाचलंय ते. मजकुरात मूळ लेखकाचं नाव आणि साल, पुढे 'ॲज सायटेड इन' (म्हणजे 'यात उद्धृत') आणि मग पुस्तकाचा लेखक, साल. पण ही शेवटची पळवाट आहे. आधी ग्रंथालयात मूळ लेख मागा. जुन्या नियतकालिकांचे अंक बऱ्याचदा स्कॅन झालेले असतात, आपण विचारतच नाही.

परिच्छेदाचं सोपं आहे. पहिल्या वाक्यात संदर्भ द्या आणि पुढची वाक्यं त्याच लेखकाची आहेत हे लिहिण्यातून कळू द्या: 'याच लेखकाच्या मते', 'पुढे ते म्हणतात'. मग कंस पुन्हा नको. नवा परिच्छेद सुरू झाला, मध्येच दुसरा स्रोत घुसला किंवा तुमचं स्वतःचं मत आलं, की मात्र पुन्हा द्यायचा. सगळा भार शेवटच्या कंसावर टाकलात तर आधीची वाक्यं कोणाची हे वाचणाऱ्याने ओळखायचं कसं?

आता खरा प्रश्न. "हे वाचलंय?" असा शेरा असलेल्या त्या तीन नोंदी कुठून आल्या?

धागाकर्ती:
हा प्रश्न येणार हे माहीत होतं. त्या एआय चॅटकडून घेतल्या. लेखक, नियतकालिक, खंड, पानं, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक), सगळं इतकं नीटनेटकं होतं की शंकाच आली नाही. माझ्या खऱ्या नोंदीही एवढ्या स्वच्छ नव्हत्या!

शाईचा डाग:
तिन्ही डीओआय आत्ता ब्राउझरमध्ये उघडून बघा. आम्ही थांबतो.

धागाकर्ती:
दोन उघडतच नाहीत. तिसरा उघडला, पण तिथे वेगळ्याच लेखकांचा, वेगळ्याच विषयावरचा लेख आहे. तिन्ही नोंदी काढल्या आणि त्यांच्यावर उभी असलेली दोन वाक्यंही.

तळटीप:
सुटलात. सरांनी गोडीत विचारलं, परीक्षकांनी विचारलं नसतं.

उरलेल्या ३१ नोंदी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या. फुकट आहे. डीओआय टाकला की बाकीचं ते भरतं. पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. कुठे शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये येतं, कुठे संस्थेचं नाव आडनाव-नाव असं तुटतं. एपीएत लेखाच्या शीर्षकातला पहिला शब्द, विशेषनामं आणि अपूर्णविरामानंतरचा (:) शब्द एवढेच कॅपिटलने सुरू होतात. नियतकालिकाचं नाव मात्र छापलंय तसंच, तिरप्या अक्षरात. खंडाचा क्रमांक तिरपा, अंकाचा कंसात आणि सरळ. हा तिरपा-सरळ खेळ कोणाला सुचला देव जाणे.

शेवटी यादी छापून घ्या. फाइलमध्ये कंट्रोल-एफने उघडा कंस शोधत जा आणि भेटेल त्या संदर्भापुढे कागदावर टिक करा. वाक्यात गुंफलेल्या लेखकांचं सालही कंसात असतं, तेही सापडतात. टिक न झालेली नोंद यादीतून बाहेर. कागदावर नसलेला कंस भेटला तर ती नोंद राहिलीय.

धागाकर्ती:
अपडेट देते. ३१पैकी दोन नोंदींचा मजकुरात कुठे पत्ताच नव्हता, काढल्या. मजकुरातल्या एका कंसाला यादीत नोंद नव्हती, घातली. म्हणजे आता ३०.

१९७४चा लेखही मिळाला, ग्रंथपालांनी दुसऱ्या दिवशी स्कॅन पाठवला. मूळ वाक्य फक्त पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांबद्दल आहे. २०११च्या पुस्तकात 'पहिल्या वर्षाच्या' हे शब्द गळलेत, आणि मी त्यावरून सगळ्याच विद्यार्थ्यांबद्दल विधान ठोकलं होतं. तो परिच्छेद आता नव्याने लिहितेय, थेट मूळ लेखाचा संदर्भ पान क्रमांकासकट देऊन.

एकच राहिलं. यादीत एक मराठी पुस्तक आहे. त्याचं शीर्षक देवनागरीत ठेवू का?

तळटीप:
नाही. शीर्षक रोमन लिपीत, तिरपं, आणि लगेच चौकोनी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ, सरळ अक्षरात. साल तुमच्या हातातल्या आवृत्तीचं घ्या.