इन्व्हर्टर एसी, रंगीत टीव्ही आणि आपल्या अपेक्षा : तुमचेही किस्से सांगा

भुसावळची_लेक
काल घरी इन्व्हर्टर एसी बसला. बसवणारा पोरगा जिना उतरतो न उतरतो तोच लाईट गेली, एसी ठप्प. सासूबाई म्हणे, "अगं, इन्व्हर्टरचा ना हा? मग?" पंचेचाळीस डिग्रीत समजावत बसले की यातला इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करतो, बॅटरीशी त्याचा काही संबंध नाही. "मग नाव तसं कशाला ठेवलं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि एकदम १९८७ आठवलं. रामायण सुरू झालं त्या वर्षी पप्पांनी रंगीत टीव्ही आणला. त्याआधी काळ्यापांढऱ्या टीव्हीवर ती रंगीत पट्ट्यांची काच होती, वर निळी, खाली हिरवी. माणूस खाली बसला की तोंड हिरवं. नवा टीव्ही आला, सकाळी रामायण बघून अख्खी चाळ खूश. संध्याकाळी सिनेमा लागला, जुना, काळापांढरा! आजोबा भडकले, "फसवलं रे तुले दुकानदारानं!" रंगाचं बटण पार शेवटपर्यंत पिळून झालं. सोमवारी पप्पा खरंच दुकानात भांडायला गेले होते, हे मला माझ्या लग्नानंतर कळलं.

केळीबाग_रावेर
ती काच आमच्याकडेपण!! आई दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसायची.
लाईट कितीला गेली ताई? आमच्याकडे दुपारपासून नाही, मोटार बंद.

धुळ्याचा_भाऊ
१ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीत ५जीचं उद्घाटन झालं. दुसऱ्या दिवशी आमचे काका गच्चीवर, हात वर करून. फोन ४जीचा. म्हणे रिचार्ज तर केलाय मी.

मोबाईल_दुकान
आमचीबी बाजू ऐका जरा. 'आयपी ६८' म्हणजे साध्या पाण्यात, ठरलेल्या खोलीवर, ठरलेला वेळ. गिऱ्हाईकानं खिशात फोन ठेवून विहिरीत मुटका मारला. वर मलाच, "वॉटरप्रूफ म्हणून विकला ना तुम्ही?" पाण्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही म्हटलं तर दुकानासमोर माणसं गोळा केली. फोन हलवला की आत पाणी वाजत होतं, खोटं नाही सांगत.

धुळ्याचा_भाऊ
😂😂 मुटका कसा बसला ते विचारलं का

दोंडाईचा_८२
२५१ रुपयांचा स्मार्टफोन कोणाला आठवतो? फेब्रुवारी २०१६. पहाटेपासून मित्राच्या कॅफेत बसलो, साईट हँग. सात कोटींच्या वर नोंदण्या झाल्या असं कंपनीच सांगत होती. २५१ मध्ये चांगलं कव्हर तरी येतं का भो? पण तेव्हा नाही सुचलं. मी तर दोन नोंदवायला निघालो होतो, एक सासऱ्यांना.

जळगाव_खुर्द
इलेक्ट्रिक स्कूटर. कागदावर १२० किमी. ती टेस्ट रोलरवर होते, एकटा माणूस, ना ऊन ना चढ. मी, बायको आणि पायाशी दहा किलो वांगी. ७८ ला गाडीनं मान टाकली, फुफाट्यात ढकलत आणली. बायको अजून ऐकवते. कंपनीला फोन केला तर म्हणे वजन किती होतं? वांग्यांचं सांगितलं नाही.

केळीबाग_रावेर
वांगी बामणोदची का?

आक्का_अमळनेर
नातवानं बोलणारा डबा आणला. मी म्हटलं, "गानं लाव ना रे भो." तो हिंदीत माफी मागतो. तीनदा मागितली. मग मीच म्हटलं, "इले ऐकू येत नही वाटस." आता नातू मला शिकवतोय त्याच्याशी कसं बोलायचं ते. म्हणजे शिकायचं मीच! पंच्याहत्तर वर्षांत कोणी माझी अहिराणी दुरुस्त केली नव्हती.

दोंडाईचा_८२
आक्का, एकदम बेस्ट 🙏

नंदुरबारी
विषय सोडून विचारतो, फाफड्यासारखी जाड शेव शेवभाजीला चालेल का? पाहुणे येतायत.

आक्का_अमळनेर
नको रे, विरघळी जाई. लसणाची तिखट घे, शेवटी टाक.

भुसावळची_लेक
लाईट आली एकदाची! सासूबाई म्हणतात सोळावर कर, लवकर गार होईल. जाते, परत समजवावं लागेल.

जळगाव_खुर्द
@केळीबाग, हो, बामणोदचीच. रविवारी भरीत आहे, या. तुमच्या गाडीवर.