लेकराईले घरी दाखवाले चांगले पिक्चर कोणते? अन् खरंच काही फरक पडते का?

कपाशीवाला (दारव्हा)
राजेहो, पोरगा पाचवीत, पोरगी पहिलीत. सध्या वेचणी चालू हाय, आम्ही दोघं दिवसभर वावरात, संध्याकाळी घरी येतो तं दोघं एकाच मोबाइलवर रील सरकवून राहिले असतेत अन् त्याच्यावरूनच भांडणं. आता ठरवलं का शनिवारी जेवणं झाली की टीव्हीवर एक पिक्चर लावाचा, आजीसकट सगळ्यायनं बसाचं. बायको म्हणते स्क्रीन ते स्क्रीनच, मोबाइल काय अन् टीव्ही काय. तं कोणते लावू ते सांगा, अन् घरच्यांनी मिळून पाह्याच्या पिक्चरनं लेकरावर खरंच काही होते का आपलंच मनाचं समाधान? पोट्ट्याले डब केलेले मारधाडवाले लय आवडतेत, हे आधीच सांगून ठेवतो.

झेडपी_मास्तर
भाऊ फरक पडतो, पण पिक्चरमध्ये उपदेश किती भरला त्याच्यानं नाही. आम्ही शाळेत प्रोजेक्टरवर 'टिंग्या' लावला होता, २००८ चा, मंगेश हाडवळेंचा. गोष्ट जुन्नरकडची, बटाट्याची शेती, पण बैल जायबंदी होतो अन् बाप त्याला विकायला निघतो हे आपल्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. संपल्यावर पोरं आपसातच भिडली, एक म्हणे बापानं विकायला नको होता, दुसरा म्हणे मंग पेरणी काय तुया बाप करून देते. एकाच्या घरचा बैल त्याच साली बाजारात गेला होता, तो पोरगा तेव्हा काहीच बोलला नाही, दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आपणहून येऊन सगळं सांगितलं त्यानं. धडा शिकवून हे होत नाही हो. फक्त पिक्चर संपल्याबरोबर "काय शिकला?" असं विचारू नका, पोरं तिथंच दार लावून घेतात. "तू असता तं काय केलं असतं" एवढं विचारा अन् चूप बसा.

वडसाची_ताई
वहिनीचं स्क्रीन ते स्क्रीन मले पटत नाही. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावोगावची जत्रा सुरू झाली का रात्रभर नाटकं, लेकरू मांडीवर झोपलेलं, मधात उठते, पाहते, परत झोपते. त्या नाटकात दारुडा नवरा, सासूचा छळ, मधात चावट विनोद, सगळंच राहते. आमी काही बिघडलो नाही, काहून का बाजूले आजी बसलेली राहे, स्टेजवर कोणी वंगाळ वागला का "मेला निपटला कसा नाही" म्हणून मोकळी! आमाले तेवढ्यात समजे. मोबाइल पाहताना लेकराच्या बाजूले असं बोलणारं कोण असते? म्हणून आजीले बसवता ते बेस. पण लेकरं टीव्हीसमोर अन् तुमी फोनवर कापसाचे भाव पाहत बसले तं मग काय मतलब, आमच्या घरी हेच चालते.

नितू (दर्यापूर)
पिक्चरचं सेन्सॉरचं सर्टिफिकेट पाहून घेत जा. यू म्हणजे सगळ्यांसाठी, यूए म्हणजे मायबापाच्या देखरेखीत, अन् २०२४ च्या नियमापासून यूएचे वयावरून तीन भाग झाले, ७+, १३+, १६+. पण लेकरू किती रडेल ते सर्टिफिकेटवर लिहिलेलं नसते. 'श्वास' (२००४) पिक्चर म्हणून एक नंबर, राष्ट्रीय पुरस्कारवाला, पण नातवाच्या डोळ्याले कॅन्सर, ऑपरेशननंतर दिसणार नाही, ते पाहून माही लहानी झोपताना डोळेच मिटेना. पहिलीतल्या पोरीले एवढ्यात नका दाखवू. 'एलिझाबेथ एकादशी'पासून सुरू करा, २०१४ चा, परेश मोकाशींचा. पंढरपूरचं घर, बाप नाही, कर्जापायी आईचं विणकामाचं मशीन जप्त, अन् सायकल विकली जाऊ नये म्हणून लेकरं चोरून यात्रेत बांगड्यायचं दुकान लावतेत. बँक, हप्ता, जप्ती हे शब्द आपल्याकडच्या लेकराईले कुठं नवे हायेत! अन् लय हसवते बी.

कपाशीवाला (दारव्हा)
सगळ्यायचे आभार. बायकोले वाचून दाखवलं, ती म्हणे ताईले विचारा मग भांडी कोण घासन त्या टायमाले. सायकलवाल्यापासून सुरू करतो. पोट्ट्यानं अट घातली का एक शनिवार त्याच्या पसंतीचा मारधाडवाला, अन् तो बी सगळ्यायनं पाहाचा. आजी लगेच तयार, तिले बी तेच पाहिजे वाटते 😀 नितूताई, ते ७+ कुठं दिसते हो?

नितू (दर्यापूर)
ओटीटीवर पिक्चर सुरू झाला का कोपऱ्यात येते भाऊ, थोडा वेळच राहते. तिथं ही वर्गवारी २०२१ च्या नियमापासूनच हाय.

झेडपी_मास्तर
मारधाडवालाही बघा बिनधास्त. हिरोनं एवढ्या लोकांना काहून हाणलं, तेवढं पोराला विचारून पाहा, अन् काय म्हणतो ते इथं टाका.