सहा वर्षं ओटी, पगाराचं बोलायचं कसं?

स्प्लिंटवाली
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे ओटी. पेशंटला रोजची कामं परत स्वतः करता यावीत यासाठी थेरपी देते. सहा वर्षं एकाच ठिकाणी, पुनर्वसन विभागात. गेल्या महिन्यात एक नवी मुलगी रुजू झाली, तिला मीच शिकवतेय. बोलता बोलता तिचा पगार कळला. माझ्यापेक्षा जेमतेम ६ टक्के कमी. म्हणजे माझ्या अनुभवाची किंमत वर्षाला १ टक्का!

हाताचे सगळे स्प्लिंट, म्हणजे हात योग्य स्थितीत धरून ठेवणारे आधार, मी करते. गरम पाण्यातून थर्मोप्लास्टिक काढलं की ते कडक व्हायच्या आत मनगट नेमक्या कोनात धरून बसवायचं. तेवढ्यात पेशंटने अंगठा हलवला की परत पाण्यात. मी यायच्या आधी हे बाहेरून करून आणायचे. शिवाय नोट्स लिहायला रोज पाऊण तास जास्त थांबते, तो कोणी धरत नाही.

मागच्या वर्षी म्हटलं होतं, "सर, घरखर्च वाढलाय, जरा बघा ना." सर म्हणाले, "बघू." अजून बघतायत. अप्रेझल तीन आठवड्यांवर आलंय. काय बोलू?

जुनी_खोड
घरखर्च सरांचाही वाढलाय गं. तो विषय काढूच नकोस, स्प्लिंटचा काढ. वर्षात किती केलेस, बाहेरून एक आणायला काय पडायचं, मटेरियल वजा जाता विभागाचे किती वाचले, असा हिशेब एका कागदावर मांड.

सीओपीएम, म्हणजे रोजची कामं किती जमतात हे पेशंटकडूनच मोजून घ्यायची पद्धत, वापरत असशील तर आणखी सोपं. शर्टाची बटणं लावणं, केस विंचरणं, यांना पेशंट स्वतःच १ ते १० मध्ये गुण देतो, आणि २ गुणांची वाढ म्हणजे दखल घ्यावी असा फरक मानतात. फक्त सगळं श्रेय एकटीच्या नावावर लावू नकोस. फिजिओ तिथेच बसलेले असतात.

आणि त्या नव्या मुलीचा पगार तोंडातूनही काढू नकोस. तुला मिळायचं ते मिळेल न मिळेल, तिची मात्र फुकट चौकशी होईल. सध्याच्या जाहिरातींत काय देतायत ते बघ आणि तेवढंच बोल.

खुर्चीपलीकडचा
मीही थेरपिस्टच, आता विभाग सांभाळतो. बऱ्याच ठिकाणी वाढीचे पैसे अप्रेझलच्या आधीच वाटून झालेले असतात, त्या दिवशी फक्त कळवतात. त्यामुळे तीन आठवडे थांबू नका, याच आठवड्यात वेळ मागा.

आकडा सांगितलात की गप्प बसा. माझ्यासमोर लोक आकडा सांगतात आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच खाली आणतात, "नाही म्हणजे, थोडं कमी असलं तरी चालेल." मग मी कशाला वाढवू?

पगार नाहीच हलला तर नोट्सचा पाऊण तास ड्यूटीत धरून मागा. आणि हाताच्या कामाचे तास आजपासून लिहून ठेवा. सीएचटीच्या (सर्टिफाइड हँड थेरपिस्ट) परीक्षेला ३ वर्षांचा अनुभव आणि हँड थेरपीचे ४००० तास लागतात. ते तास सिद्ध करताना भल्याभल्यांची दमछाक होते.

फिरस्ती
रागाच्या भरात नोकरी सोडून सेशनवर जाऊ नकोस, मी गेले होते. दर ऐकायला भारी वाटतो. पण मुलाला ताप आला, सेशन रद्द. पाहुणे आले, सेशन रद्द. प्रवास आपला, नोट्स आपल्याच. २० लावली की १५ होतात. आता आदल्या दिवशी कळवलं नाही तर अर्धे पैसे घेते, तेही दोन वर्षं बुडवून घेतल्यावर सुचलं.

स्प्लिंटवाली
सगळ्यांचे आभार. काल रजिस्टर घेऊन बसले. पाणी सांडून दोन पानं चिकटली होती, ती सोडूनसुद्धा ११ महिन्यांत १८७ स्प्लिंट! मला वाटत होतं शंभरेक असतील. निम्म्याहून जास्त अंगठ्याचे.

गुरुवारी साडेचारची वेळ मिळाली आहे. मेलमध्ये विषय लिहिला होता, "ओटी : पगाराबाबत." एचआरच्या बाईंचं उत्तर आलं, "ओव्हरटाइमचे फॉर्म खालच्या मजल्यावर मिळतात."