मदत हवी आहे: कायमस्वरूपी परवाना कंपनीने रद्द केला, दाद कुठे मागावी?

२०१९ मध्ये पुण्यातल्या विक्रेत्याकडून आराखडे काढायचं सॉफ्टवेअर ‘परपेच्युअल लायसन्स’ म्हणून ४८,००० रुपयांना घेतलं. आता मेल आलाय: जुने परवाने बंद, वार्षिक वर्गणी भरा. उघडलं की ‘लायसन्स रिव्होक्ड’. बिल फर्मच्या नावावर, कंपनी परदेशी, करारात लवादाचं कलम (वाद कोर्टाऐवजी खाजगी लवादाकडे न्यायचा). ग्राहक आयोगात टिकेल का?
– रेघोटी

आधी पुरावा. फॉरमॅट, अनइन्स्टॉल काही करू नका. नव्या अटींची खिडकी आली तर ‘ॲक्सेप्ट’ दाबू नका, नाहीतर ‘ग्राहकाने नवा करार मान्य केला’ हा बचाव कंपनीला आयता मिळेल. बिल, लायसन्सचा मेल, रद्द केल्याचा मेल (हेडरसकट, म्हणजे मेल कुठून-कधी आला ती तांत्रिक माहितीही) आणि मूळ करार वेगळ्या डिस्कवर घ्या. करार बऱ्याचदा इन्स्टॉलेशन फोल्डरमध्येच असतो. सगळ्या फाइलींचे एसएचए-२५६ हॅश (फाइल बदलली नाही हे दाखवणारा, फाइलीचा जणू बोटाचा ठसा) काढून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात ते लिहावे लागतात.
– जुनाट_सर्व्हर

लवादाच्या कलमाने घाबरू नका. तो मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच एमार एमजीएफ प्रकरणात निकालात काढलाय. ग्राहक आयोगाची वाट त्यामुळे बंद होत नाही. कंपनी परदेशी असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विक्रेत्यालाही सामनेवाला करा, म्हणजे नोटीस बजावायला इथला पत्ता मिळतो.

खरी अडचण फर्मच्या नावाच्या बिलाची. ‘व्यावसायिक हेतू’ म्हणून तक्रार पहिल्याच तारखेला उडू शकते. स्वतः काम करून पोट भरत असाल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(७) मध्ये स्वयंरोजगाराला सूट आहे, पण ते तक्रारीत स्पष्ट लिहायला हवं. पाचपंचवीस माणसांचं ऑफिस असेल तर अवघड आहे.
– तारीख_पे_तारीख

एकहाती काम आहे, पगारी माणूस नाही. कलम २(४६) चा ‘अन्यायकारक करार’ लावू का? एकतर्फी करार मोडणं त्यात बसतं.
– रेघोटी

बसतं, पण ती तक्रार राज्य आयोगाकडे जाते. जिल्हा आयोगात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ एवढंच मांडा. भरलेली किंमत पाच लाखांच्या आत, म्हणजे शुल्क शून्य. मागणी पर्यायी ठेवा: परवाना पूर्ववत करा, नाहीतर व्याजासह पैसे परत.

आधी १५ दिवसांची नोटीस, सोबत १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) नोंद, मग ई-जागृतीवर (ग्राहक आयोगांचं ऑनलाइन पोर्टल) तक्रार. १९१५ वर कंपनीने उत्तर दिलं नाही तरी आयोगात तक्रार करायची दोन वर्षांची मुदत थांबत नाही. मुदत परवाना रद्द झाल्याच्या दिवसापासून मोजतात, खरेदीपासून नव्हे. म्हणून त्या मेलची तारीख जपा.
– तारीख_पे_तारीख