मदत हवी आहे: आईला शुगर आहे आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंय

नमस्कार मंडळी, आम्ही भांडुपला राहतो, आईला १८ वर्षं शुगर आहे, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) ८.४, आणि उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू इतका वाढलाय की स्टेशनवरचा इंडिकेटर तिला वाचताच येत नाही. ओसीटी (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा स्कॅन) केलं तर पडद्याच्या मध्यभागी सूज निघाली. डॉक्टर म्हणतात आधी डोळ्यात इंजेक्शनं देऊन सूज उतरवू मग लेन्स बसवू, नाहीतर ऑपरेशननंतर ती अजून वाढू शकते. मला पटतंय ते, पण आईला वाटतं शेजारच्या काकूंसारखं दुसऱ्याच दिवशी लख्ख दिसेल, तिला कसं सांगू की पडदाच खराब असेल तर नव्या लेन्सनेही नजर पूर्ण येईलच असं नाही? कुणाच्या घरी असं झालंय का, किती इंजेक्शनं लागली, नंतर पेपर वाचता आला का? जेजे किंवा केईएमच्या डोळ्यांच्या ओपीडीचा अनुभव असेल तर तोही सांगा प्लीज.