मदत हवी आहे: शिकवणारं आणि उभारी देणारं, दोन्हीसाठी एकच विशेषण?

एका व्याख्यानाचा वृत्तांत लिहितोय आणि एका शब्दावर अडलोय. ऐकून नवं कळलं, शिवाय मनाला उभारीही आली. दोन्ही सांगणारं एकच विशेषण हवंय.

'बोधप्रद' लिहिलं की लहान मुलांच्या गोष्टीखालचं 'तात्पर्य' आठवतं. 'प्रबोधनपर' समाजसुधारणेकडे झुकतं. 'प्रेरणादायी' वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालंय की नकोच! 'उद्बोधक' जवळचं वाटतं, पण बोध, प्रबोधन, उद्बोधन सगळे एकाच 'बुध्' धातूचे, म्हणजे जाणणं, जागं होणं. उभारी त्यात कुठे?

शब्दकोश चाळले, 'ज्ञानवर्धक'पाशीच गाडी अडते. सामासिक शब्द चालेल, 'उद्बोधक व प्रेरक' अशी जोडी नको. वाक्य असं: 'व्याख्यान अत्यंत ____ झालं.' इथे तुम्ही काय लिहाल?